पाकाजूसकर

तेंडोलकर शेठनी बॅनर आधीच छापून घेतला होता:
‘अमेरिकन पाहुण्यांचे हार्दिक स्वागत’.
मग कुडाळहून फोन आला, पाहुणे ब्राझीलचे.
मी, फॅक्टरीची आवक-जावक लिहिणारी,
ड्रॉवरमधून डिंकाची बाटली काढली
आणि पहिल्या शब्दावर पांढरा कागद चिकटवला.
वाईट दिसत नव्हतं.

पण काजू सोलणाऱ्या बायकांना अमेरिकनच हवा होता.
एदिवाल्दो जीपमधून उतरला, ठेंगणा, उन्हानं रापलेला,
तेव्हा सत्यवती म्हणाली, हो खयचो अमेरिकन?
हो तर आमच्या मोचेमाडचो दिसता.
अमेरिकन म्हणजे शेठचा हर्षद,
अकरा वर्षं डेट्रॉइटला,
गणपतीत येतो आणि बाटलीतलंच पाणी पितो.

झाडाखाली एदिवाल्दो थांबला. बोंडू हातात घेतला,
म्हणाला, काजू.
म्हापशाहून आणलेल्या दुभाषी लुर्दिनबाईंना
काही सांगावंच लागलं नाही.
पुढे कुंपणाशी म्हणाला, अननस. तेही कळलं.
मग मी बशीत फोडी ठेवल्या तर नाव ऐकून दचकला:
पेरू? तो तर आमच्या शेजारचा देश.
आमच्याकडे तो परसात असतो, मी म्हटलं,
तिखट-मीठ लावून खातो.

जेवण झाल्यावर त्याची नजर बॅनरवर गेली.
कागदाखाली काय आहे?
लुर्दिनबाईंनी सांगितलं. मी ताटं गोळा करायला लागले.
तो हसला नाही. म्हणाला, मग झाकलंत कशाला?
खंडाचं नाव ते, मी त्याच खंडात जन्मलो.
एका देशानं ते घरी नेलं
आणि आता दारात उभा राहून
आम्हांलाच विचारतो, कुठून आलात?

रात्री झोप लागेना.
शाळेत पाठ केलं होतं: अमेरिकेची संयुक्त संस्थाने.
संस्थान म्हटलं की आम्हां पोरींना सावंतवाडीच दिसायची.
आता त्या नावाला ‘कर’ लावून बघा:
संयुक्तसंस्थानकर.
जिभेला गाठ बसते.
म्हणून त्यांनी खंडाचंच आडनाव लावलं असेल,
दुष्टाव्यानं नसेलही, सोयीनं.
सोयीनं नेलेल्या वस्तू परत द्यायच्या राहून जातात.

उद्या वेंगुर्ल्यानं ठरवलं, कोकण म्हणजे फक्त मी,
तर गुहागरनं स्वतःला काय म्हणायचं? श्रीवर्धननं?
आणि मी तरी कोण?
कोल्हापूरच्या होस्टेलवर कोकणी,
दादरला मावशीच्या चाळीत मालवणी,
आणि तेरेखोल ओलांडून गोव्यात शिरले की घाटी.
घाटी! मी,
जिला आंबोलीच्या तिसऱ्या वळणावर उलटी होते.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची वही पुढे केली.
नाव, गाव, देश, सही.
गाव विचारलं, तर पाकाजूस.
मी आमच्या रीतीनं लिहिलं: एदिवाल्दो पाकाजूसकर.
लुर्दिनबाईंनी वाचून दाखवलं,
त्यानं ते दोनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा मोठ्यानं,
आणि त्या नादात देशाचा रकाना कोराच राहिला.
निघताना तो रुझारिनचा अंगठा निरखत होता,
काजूच्या तेलानं काळा, गुळगुळीत,
रेशनच्या मशीनला न पटणारा.
म्हणाला, माझ्या आईचाही असाच.

बॅनर फुकट घालवायचा नाही म्हणून
मागच्या खळ्यात अंथरला, त्यावर बिया वाळत घातल्या.
चैत्राच्या उन्हानं डिंक सुटला, कागद कुठेतरी उडाला.
सत्यवती बिया निवडते ती नेमकी त्याच शब्दावर बसून.
अगो ऊठ, मी म्हणते, अमेरिकन चुरगळता.
चुरगळांदे, ती म्हणते, मान वर न करता.
जागा मोठी आसा.